गिरणी, खाण, गुत्तेदार : प्रस्तावना

शहाबाद हे गाव मराठी घरांना पायाखालून माहीत आहे. वाड्याची ओसरी, शाळेचा व्हरांडा, एसटीचा फलाट, स्वयंपाकाचा ओटा, कुठं ना कुठं शहाबादी फरशी बसवलेली असतेच. ज्या गावाच्या नावानं ती विकली जाते ते कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरहून वाडी जंक्शनकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. निजामी राजवटीतच तिथं सिमेंटचा कारखाना उभा राहिला. १९३६ मध्ये देशातल्या अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली, तेव्हा तो तिच्यात गेला. स्वातंत्र्यानंतर जड यंत्रं बनवणारा कारखाना आला. नंतर एसीसीनं सिमेंटचा कारखाना विकून टाकला आणि पुढं तो थांबला. यंत्रांच्या कारखान्यावरची पाटी एव्हीबी, एबीएल, अल्स्टॉम अशी बदलत गेली. फरशी मात्र अजून निघते आणि ट्रकनं सोलापूर-लातूरकडे येते. ती फोडणारा माणूस कुणाच्याच पटावर नसतो.

शहाबाद, कलबुर्गी, सेडम, आळंद, हुमनाबाद, भालकी, बिदर या पट्ट्यात गेल्या पस्तीस वर्षांत कामाचं आणि कामगाराचं काय झालं, हा या पुस्तकाचा विषय आहे. हा पट्टा कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू अशा चारही भाषांत जगतो. त्याच्यावर मराठीत जे काही लिहिलं गेलं ते बहुतेक सीमाप्रश्नाच्या निमित्तानं. इथल्या गिरण्यांबद्दल, सिमेंटच्या वसाहतींबद्दल, बंद साखर कारखान्यांबद्दल मराठी वाचकाच्या हाती फारसं काही नाही. मुंबईच्या गिरणगावावर मराठीत नाटकं झाली, कविता झाल्या, चित्रपट निघाले, आणि ते योग्यच झालं. पण १९८२च्या संपाएवढीच खोल उलथापालथ कुणी संप न करता, गाजावाजा न होता, इथंही झाली.

समाजवादाच्या शेवटानंतर रोजगाराचं काय होतं, या प्रश्नाभोवती जगभर एक मोठं अभ्यासक्षेत्र उभं राहिलं आहे. त्याची सुरुवात पूर्व युरोपात झाली. पूर्व जर्मनीतले सरकारी उद्योग विकण्यासाठी १९९० मध्ये ‘ट्रॉयहांड’ ही संस्था नेमली गेली. तिच्या ताब्यात सुरुवातीला सुमारे ८,५०० उद्योग आणि ४० लाख कामगार होते. १९९४च्या अखेरीस ती बंद झाली तेव्हा त्यातल्या निम्म्याहून अधिक नोकऱ्या उरल्या नव्हत्या. पोलंडमध्ये १९९०च्या आधी कागदोपत्री बेकारीच नव्हती. १९९३ संपताना ती १६ टक्क्यांवर गेली. रशियात पुरुषांचं सरासरी आयुर्मान चौसष्ट वर्षांच्या आसपास होतं, ते १९९४पर्यंत अठ्ठावन्नच्या खाली घसरलं. चीननं पक्षाची सत्ता ठेवली, पण १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अडीच कोटींहून अधिक सरकारी कामगारांना घरी पाठवलं. नोकरी जाण्यानं पगार तर जातोच. घर, दवाखाना, मुलांची शाळा, गावातली पत हे सगळं एकाच दारातून बाहेर जातं, हे या देशांच्या अनुभवानं जगाला दाखवलं.

भारताला हा नकाशा जसाच्या तसा लागू होत नाही. इथं काँग्रेसनं १९५५ मध्ये आवडीच्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, १९५६च्या औद्योगिक धोरणानं मोठे उद्योग सरकारच्या हाती ठेवले, १९७६ मध्ये संविधानाच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला. तरीही खासगी मालकी कधी संपली नाही, आणि असंघटित क्षेत्रासाठीच्या सेनगुप्ता आयोगानं नोंदवल्याप्रमाणे दहातल्या नऊहून अधिक कामगारांना कामाची कुठलीच हमी नव्हती. मग संपलं काय? माझ्या मते संपली ती एक रीत. डबघाईला आलेला कारखाना सरकार ताब्यात घेई, मोठ्या कारखान्यातून माणूस कमी करायला १९७६नंतर सरकारची परवानगी लागे, आणि एकदा ‘कायम’ झालेल्या माणसाच्या पाठीमागे पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआय, क्वार्टर उभे राहत. ही रीत थोड्यांनाच मिळाली होती. पण बाकीचे सगळे तिच्याकडे बघून आपली मागणी ठरवत. २४ जुलै १९९१ला नवं औद्योगिक धोरण आलं आणि तिथून ही रीत मोडत गेली.

बिदर-कलबुर्गीत या गोष्टीला आणखी एक जुना पदर आहे आणि तो समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. इथला उद्योग नेहरूंच्या आधीच सरकारच्या आधारानं वाढला होता. १८७१ मध्ये रेल्वे रायचूरपर्यंत आली, १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादचा फाटा सुरू झाला, आणि १८८०च्या दशकात गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, महबूबशाही गिरणी निघाली. लोकांच्या तोंडी ती एम.एस.के. मिल. पुढं १९२९ मध्ये निजाम सरकारनं औद्योगिक विश्वस्त निधी उभा करून कारखान्यांमध्ये सरकारी भांडवल घालायला सुरुवात केली. १९३४ मध्ये वरंगळला आझमजाही गिरणी सुरू झाली. नांदेडला उस्मानशाही होतीच. बोधनला साखर, सिरपूरला कागद, सिंगरेणीला कोळसा. राजवट जुलमी होती, तिच्या शेवटच्या वर्षांत या जिल्ह्यांनी रझाकारांचा काळ पाहिला. पण उद्योग हे राज्यानं उभं करायचं काम आहे ही कल्पना इथं १९४८च्या आधीच रुजली होती.

१९५६च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बिदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राच्या वाट्याला गेले (तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात), जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात. गुलबर्ग्याचं तांडूर आंध्रात गेलं. या वाटणीच्या भाषिक बाजूवर पुष्कळ वाद झाला आहे आणि महाराष्ट्रानं २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तिच्या औद्योगिक बाजूकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. एकाच राज्यात वाढलेल्या तीन गिरणी-शहरांचा इतिहास तीन राज्यांत विभागला गेला. १९७४च्या कायद्यानं देशातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात गुलबर्गा, नांदेड आणि वरंगळ या तिन्ही ठिकाणच्या या गिरण्या होत्या. तिन्ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. विसावं शतक संपता संपता आणि नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत तिन्ही बंद झाल्या. नांदेडच्या कामगाराला मराठीत, वरंगळच्याला तेलुगूत, गुलबर्ग्याच्याला कन्नडमध्ये एकच पत्र आलं म्हणायला हरकत नाही. तिघांची एकत्र गोष्ट मात्र कुणीच लिहिली नाही, कारण ज्या राज्याची ती गोष्ट होती ते राज्यच उरलं नव्हतं.

कारखाना एका दिवसात बंद पडत नाही, हे बाहेरच्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवं. आधी नवी भरती थांबते. बदली कामगाराला कायम करणं थांबतं. मग सूत जुन्या यंत्रांवर निघत राहतं, बाजारात ते महाग पडतं, बँक खेळतं भांडवल देत नाही, कापूस येत नाही. कापूस नाही म्हणून पाळ्या कमी होतात. कामगार फाटकापर्यंत येतो, हजेरी लावतो, बसून राहतो. पगार दिल्लीच्या अंदाजपत्रकातून उशिरा का होईना येतो. प्रकरण तेव्हा बीआयएफआरकडे, म्हणजे आजारी उद्योगांचा निवाडा करणाऱ्या मंडळाकडे जाई आणि तारखांवर तारखा पडत. शेवटी स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले जातात. या योजनेचं एक गाजलेलं सूत्र गुजरात पद्धत म्हणून ओळखलं जाई: झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार, निवृत्तीपर्यंत उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा. हातात एकरकमी पैसा पडे आणि तो मुलीचं लग्न, जुनं देणं, गावाकडची पडकी भिंत यांत जाई. क्वार्टर रिकामं करावं लागे. १९९५च्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन महिना हजार रुपये ठरली ती २०१४ मध्ये, आणि आजही अनेकांच्या खात्यावर तेवढीच जमा होते. या अर्जांवर ‘स्वेच्छा’ असं छापलेलं असे. बंद यंत्रासमोर महिनोन् महिने बसवून ठेवलेल्या माणसाची सही स्वेच्छेची मानायला मी तयार नाही.

सेडम तालुक्यातल्या कुरकुंट्याचंही असंच झालं. भारत सरकारनं १९६५ मध्ये सिमेंट महामंडळ काढलं, त्याचा एक कारखाना कुरकुंट्याला होता. महामंडळ १९९६ मध्ये बीआयएफआरपुढं गेलं, दशक संपण्याआधी कुरकुंट्याची भट्टी विझली, आणि पुढं विकायच्या बंद कारखान्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं. शेजारच्या तांडूरचा त्याच महामंडळाचा कारखाना चालू राहिला. दगड एक, मालक एक, दोन राज्यं, दोन नशिबं. १९९२ मध्ये कामगारांना नवं कौशल्य शिकवण्यासाठी केंद्रानं राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला होता. त्याचा बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईत गेला, पुनर्प्रशिक्षण नावापुरतं राहिलं, आणि २००० मध्ये निधीच गुंडाळला गेला.

बिदरची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथं मोठी गिरणी नव्हती. समाजवादी काळानं बिदरला सहकार दिला. हुमनाबाद तालुक्यातल्या हळ्ळीखेडचा बिदर सहकारी साखर कारखाना जिल्ह्यातला जुना. पुढं नारंजा आणि महात्मा गांधी हे कारखाने आले. सहकारात शेतकरी मालक आणि कामगार बहुधा त्याच शेतकऱ्याचा मुलगा, त्यामुळं कारखाना आजारी पडला की उसाचं बिल आणि पगार दोन्ही एकाच घरात अडकतात. हळ्ळीखेडचा कारखाना कित्येक हंगाम बंद राहिला. बिदर-भालकीच्या माणसाची कायम नोकरीची आशा त्याआधीही हैदराबादकडेच असे. तिथल्या सरकारी कारखान्यांपैकी ऑल्विनचं फ्रिजचं काम १९९०च्या दशकात व्होल्टासकडे गेलं, औषधं बनवणारी आयडीपीएल आजारी पडली. त्या शहरात आज इकडचा माणूस जातो तो बहुतेक बांधकामावर.

मात्र या पुस्तकाकडून जुन्या दिवसांची आरती कुणी अपेक्षू नये. एम.एस.के. मिल १९९१ मुळं आजारी पडली नाही. राष्ट्रीयीकरण झालं तेच ती आजारी होती म्हणून, आणि वस्त्रोद्योग महामंडळानं पुढं तिच्यात जेवढा पैसा घालायला हवा होता तेवढा घातला नाही. गिरण्यांच्या आतही सगळं सारखं नव्हतं. मुंबईत सूत तोंडानं ओढावं लागतं या सबबीवर दलितांना विणकाम खात्यातून दूर ठेवलं जाई, हे डॉ. आंबेडकरांनी वारंवार मांडलं. बायकांच्या वाट्याला गिरणीतली कायम जागा क्वचितच आली. त्या डाळमिलमध्ये, खाणीवर, विडीवर राबल्या आणि त्यांची हजेरी कुठल्याच पटावर राहिली नाही. पण याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. या जिल्ह्यांतल्या दलित घरांसाठी सरकारी कारखान्यातली राखीव जागा हीच पहिली पायरी होती. कारखाना खासगी झाला की आरक्षण संपलं, आणि गुत्तेदाराकडं, म्हणजे कंत्राटदाराकडं, तर त्याचा प्रश्नच येत नाही.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. कलबुर्गीत उद्योग संपला असं झालेलं नाही. राष्ट्रकूटांची राजधानी असलेल्या मान्यखेटात, म्हणजे आजच्या मळखेडला, १९८०च्या दशकातच खासगी सिमेंट कारखाना आला, सेडमलाही आला. वाडीचा एसीसीचा वाढला, चित्तापूर तालुक्यात नवा निघाला. सिमेंट पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक निघतं. गेल्या काही वर्षांत मालकीही झपाट्यानं बदलली: एसीसी २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेली, तिच्याबरोबर वाडीही. कमी झाला तो पटावरचा कामगार. भट्टीपाशी, पॅकिंगला, लोडिंगला माणसं आहेत, पण ती गुत्तेदाराची. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानं अशा माणसांना मूळ कारखान्यात सामावून घेण्याची वाट निघेल असं वाटत होतं. २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आपोआप सामावून घ्यायला नकार दिला. २००६ मध्ये उमादेवी खटल्यात, आणि तो कर्नाटक सरकारचाच खटला होता, वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबलेल्यांचा कायम होण्याचा दावा फेटाळला गेला. बापाला जे पन्नाशीत गमवावं लागलं ते मुलाला विशीत मिळालंच नाही. बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे २००६ मध्ये रोजगार हमीच्या पहिल्या २०० जिल्ह्यांत होते, यावरूनही त्यांची अवस्था कळते.

या सगळ्याकडं अभ्यासकांनी कसं पाहिलं, याचा थोडा अंदाज नव्या वाचकाला असलेला बरा. एक परंपरा झटपट बदलाची: पोलंडचे बाल्त्सेरोविच आणि त्यांचे सल्लागार जेफ्री सॅक्स यांच्या मते दुखणं लांबवण्यापेक्षा एकदाच सोसलेलं चांगलं. हंगेरीचे यानोश कोर्नाई यांनी आधीच दाखवलं होतं की तोटा सरकार भरून देणारच ही खात्री असली की कारखाना सुधारत नाही, एम.एस.के. मिलच्या शेवटच्या वर्षांना हे निदान बरंचसं लागू पडतं. दुसऱ्या बाजूला कार्ल पोलान्यींच्या विचारावर वाढलेले समाजशास्त्रज्ञ आहेत. श्रम हा इतर मालासारखा विकायचा माल मानला तर समाज फाटतो, हे त्यांचं म्हणणं. भारतात हाच वाद कामगार कायद्यांभोवती झाला: कडक कायद्यांमुळं कारखानदारी वाढली नाही असं एक गट सांगतो, दुसरा त्या आकडेमोडीतल्या चुका दाखवतो. मला या वादापेक्षा यान ब्रेमन यांचं अहमदाबादच्या गिरणी कामगारांवरचं काम आणि मीना मेनन व नीरा अडारकर यांनी जमवलेल्या गिरणगावच्या आठवणी अधिक जवळच्या वाटतात. त्यांनी कामगाराला आकडा मानलं नाही, साक्षीदार मानलं.

आपल्या भागात आणखी एक परंपरा आहे, प्रादेशिक असमतोलाची. महाराष्ट्रात वि. म. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष मोजला, कर्नाटकात नंजुंडप्पा समितीनं २००२ मध्ये मागास तालुके ठरवले. त्यातूनच पुढं संविधानाचं कलम ३७१ (जे) आलं आणि २०१३ पासून या जिल्ह्यांतल्यांना सरकारी नोकरीत राखीव वाटा मिळाला. या कामाचं मोल मोठं आहे. पण अनुशेष मोजतो ते न मिळालेलं: किती किलोमीटर रस्ता हवा होता, किती सिंचन. मिळालेलं परत गेलं तर ते कोणत्या रकान्यात लिहायचं? शहाबाद हे एकेकाळी औद्योगिक गाव होतं म्हणून त्याला नुसतं मागास म्हणता येत नाही, आणि आता त्याचा सिमेंटचा कारखाना बंद आहे म्हणून पुढारलेलंही म्हणता येत नाही.

हे पुस्तक आत्ता का, याची दोन कारणं. मार्च २०२३ मध्ये केंद्रानं सात मोठी वस्त्रोद्योग उद्यानं जाहीर केली. त्यात कलबुर्गी आहे आणि तेलंगणातल्या उद्यानाची जागा आहे वरंगळ. ज्या दोन शहरांतल्या सरकारी गिरण्या बंद केल्या तिथंच कापड पुन्हा येणार आहे. आनंदच आहे. पण येणारं काम कोणत्या अटींवर येईल हे आजच विचारायला हवं, कारण नव्या कामगार संहितांनी छाटणीसाठी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे आणि ठराविक मुदतीची नेमणूक कायदेशीर केली आहे. दुसरं कारण साधं आहे. १९९०च्या दशकात पन्नाशीत असलेला कामगार आज ऐंशी ओलांडून गेला आहे.

या संग्रहातले लेखक एका मताचे नाहीत. काहींना गिरणी वाचवता आली असती असं वाटतं, काहींना ती तीस वर्षं आधीच बंद करायला हवी होती. आम्ही ते मतभेद मिटवले नाहीत. मुलाखती कन्नड, दखनी आणि मराठीत झाल्या. मराठी करताना बोलणाऱ्याची ढब शक्य तेवढी ठेवली आहे आणि कामगारांची नावं बदलली आहेत. कलबुर्गी-बिदर केंद्रस्थानी असलं तरी सोलापूर, नांदेड आणि तांडूरकडे लेखक पुन्हा पुन्हा वळतात, कारण इथल्या माणसांच्या सोयरिकी आणि नोकऱ्या तशाच पसरलेल्या होत्या. डाळमिलवाल्यांवर, तूर आयातीनं त्यांच्यावर काय ओढवलं यावर, अजून पुष्कळ काम व्हायला हवं. इथं त्याची फक्त सुरुवात आहे. सीमाप्रश्नावर या पुस्तकानं कोणतीही बाजू घेतलेली नाही. पण सीमेच्या अल्याड-पल्याड राहणाऱ्या कामगारानं एकच गोष्ट गमावली, हे ते स्पष्टपणे म्हणतं.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी एम.एस.के. मिलचं, उस्मानशाहीचं, शहाबादचं, कुरकुंट्याचं किंवा हळ्ळीखेडचं नेमणूकपत्र, पगाराची पावती, पीएफची स्लिप, युनियनचं पत्रक, क्वार्टरसमोर काढलेला फोटो असं काही असेल, तर ते रद्दीत घालू नका. त्याची छायाप्रत गावच्या वाचनालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात द्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलतं करून ते लिहून ठेवा. पुढच्या आवृत्तीला आणि पुढच्या अभ्यासकाला लागणारी साधनं तुमच्याच घरांत आहेत.